झिंग कोणाची, धंदा कोणाचा?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने कंपनीचे 'एपकॉट' नावाचे विस्तीर्ण मनोरंजन-उद्यान आहे. मुलाबाळांना घेऊन यावे, दिवसभर हिंडावे, चार नव्या गोष्टी पाहाव्यात, अशी त्याची ख्याती. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तेथे दरवर्षी खाद्य व वाइन महोत्सव भरतो. या दिवसांत, विशेषतः शनिवार-रविवारी सायंकाळी, जे दृश्य दिसते त्याविषयी सहकुटुंब येणाऱ्यांच्या तक्रारी आता नित्याच्या झाल्या आहेत. झोकांड्या खाणाऱ्यांची टोळकी, रांगेतील हमरीतुमरी, झुडपाआड ओकणारा कोणी आणि मुलाचा हात घट्ट धरून वाट बदलणारी आई.

उद्यानाच्या एका भागात तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. हा फेरा सुमारे दोन किलोमीटरचा. प्रत्येक देशापाशी एक पेला रिचवायचा आणि 'जगभर पीत फिरलो' म्हणून मिरवायचे, अशी प्रथाच येणाऱ्यांत पडली आहे. निरोगी शरीराला एका पेल्यातील मद्यार्क जिरवण्यास साधारण एक तास लागतो. अकरा पेले एका दुपारी पोटात गेल्यावर काय होणार, हे सांगण्यास वैद्य लागत नाही. मोरोक्कोच्या दालनासाठी तेथील राजे दुसरे हसन यांनी आपल्या देशाचे कारागीर धाडले होते. त्या कारागिरांची नक्षी आज कित्येकांच्या लेखी आठव्या पेल्याचा मुक्काम आहे. जगाची ओळख करून देण्याच्या प्रतिज्ञेचा हा शेवट.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक म्हणते, माणसे बेताल झाली, संस्कार उरले नाहीत. दुसरी म्हणते, सज्ञान माणसाने आपल्या पैशाने काय प्यावे हा त्याचा प्रश्न. या दोन्ही रीती परस्परविरोधी वाटल्या तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. दोघींनाही फक्त पिणारा दिसतो, विकणारा दिसत नाही. आमचा प्रश्न विकणाऱ्यापासून सुरू होतो.

१९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले तेव्हा वॉल्ट डिस्ने यांनी तेथे दारू विकू दिली नाही. दारू आली की दंगेखोर गर्दी येते, असे त्यांचे मत होते. त्यात नीतीचा अंश असेलही, पण त्याहून अधिक व्यापाराचा हिशेब होता. निर्धास्त कुटुंब हाच त्यांचा माल होता. पुढे हिशेब बदलला तशी नीतीही बदलली. १९८२ साली उघडलेल्या एपकॉटमध्ये मद्याला दार मोकळे होते. १९९२ साली पॅरिसजवळ उद्यान उघडताना वाइन वर्ज्य ठेवली गेली. जेवणासोबत वाइन घेणारे फ्रेंच नाराज झाले, तोटा दिसू लागला आणि १९९३ साली वाइन आली. फ्लोरिडातील 'मॅजिक किंगडम' २०१२ पर्यंत कोरडे होते. तेथे एका उपाहारगृहात रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर व वाइन सुरू झाली. २०१९ साली खुद्द डिस्नेलँडमध्ये सर्वसामान्य अभ्यागतांसाठी मद्यालय उघडले. काही दशकांचा हा प्रवास पाहिला म्हणजे कळते की येथे संस्कार ढासळले नाहीत. नफ्याचे नवे क्षेत्र खुले झाले.

प्रस्तुत लेखकाने तीसएक वर्षे वर्गात अर्थशास्त्र शिकवले. त्यातील एक साधा सिद्धान्त येथे चपखल बसतो. प्रवेशाचे तिकीट एका माणसाला दिवसात एकदाच विकता येते. पेला पुनःपुन्हा विकता येतो. शिवाय शाळा सुरू झाल्यावर कुटुंबांची गर्दी ओसरते. त्या मोकळ्या मोसमात उद्यान भरण्यास महोत्सव कामी येतो. तो फायद्याचा ठरला, तसा लांबत गेला. २०२१ साली तो जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालला. म्हणजे भर उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलांच्या ऐन गर्दीत.

मिळकत कंपनीकडे जाते. मग खर्च कोणाकडे जातो? कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. फ्लोरिडात सार्वजनिक जागी नशेत गोंधळ घालणे हा गुन्हा असून त्यास साठ दिवसांपर्यंत कैद आणि पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. उलट सज्ञान गिऱ्हाइकाला दारू विकणारा, त्या नशेतून घडलेल्या नुकसानीस सामान्यतः जबाबदार धरला जात नाही. विक्री अल्पवयीनाला झाली असेल किंवा व्यसनाधीन असल्याचे ठाऊक असलेल्या माणसाला झाली असेल, तरच अपवाद. अकरावा पेला विकणारा मोकळा, तो पिणारा कोठडीत. भांडवलशाहीतील व्यक्तिस्वातंत्र्याची व्याख्या याहून नेमकी सापडणे कठीण. ज्या भूमीवर हे घडते तेथे १९६७ ते २०२३ पर्यंत 'रीडी क्रीक' नावाच्या विशेष जिल्ह्याद्वारे रस्ते, बांधकाम, अग्निशमन इत्यादी शासकीय अधिकारही व्यवहारतः कंपनीच्याच हाती होते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा भार पडतो श्रमिकांवर. कंपनी आपल्या कामगारांना कामगार म्हणत नाही. नाटक मंडळींतील पात्रे म्हणते. पात्राने सदैव हसले पाहिजे. बरळणाऱ्याला आवरायचे, पुढचा पेला नाकारायचा, शिव्या ऐकायच्या, ओकारी पुसायची आणि हे सारे हसतमुखाने. या कामाचे आरंभीचे वेतन २०१८ पर्यंत ताशी दहा डॉलर होते. संघटनांनी लढा देऊन त्या वर्षी पंधरा डॉलरचा टप्पेवार करार मिळवला आणि २०२३ साली अठरा डॉलरचा. ही वाढ कंपनीच्या औदार्याची नव्हे, संघटनेची कमाई आहे. ऑरलँडोच्या घरभाड्यांपुढे तीही तोकडीच पडते.

आणि पिणारा? त्याला खलनायक ठरवून आपण मोकळे होऊ नये. अमेरिकेत खाजगी क्षेत्रातील कामगारास पगारी सुट्टी देण्याची सक्ती करणारा कोणताही केंद्रीय कायदा नाही. वर्षभर राबून मिळालेल्या दोन-चार दिवसांत, भरमसाट पैसे मोजून, सगळा आनंद उरकून घ्यायचा असतो. विसावाच जेव्हा विकत घ्यावा लागतो, तेव्हा माणूस तो अधाशासारखा भोगतो. त्याचे वर्तन क्षम्य नाही, पण अनाकलनीयही नाही.

आपल्याकडील कार्यकर्त्यांनी हे दूरदेशीचे कौतुक समजू नये. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा द्राक्ष-उत्पादकाचे हित आणि 'वाइन म्हणजे दारू नव्हे' ही दोन वाक्ये पुढे करण्यात आली. विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. पण युक्तिवाद तोच होता. मद्याला संस्कृतीची शाल पांघरली की ते किराण्याच्या फळीवर आणि मुलांच्या बागेत निर्वेधपणे बसते.

यावर सरसकट दारूबंदी हा उपाय आम्ही सुचवीत नाही. अमेरिकेने १९२० ते १९३३ तो करून पाहिला. त्यातून गुन्हेगारांच्या टोळ्या गबर झाल्या. उपाय जबाबदारीच्या वाटणीत आहे. नशेत असलेल्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्यावर नुकसानीचे दायित्व टाकावे. एका तिकिटावर किती पेले, याला मर्यादा घालावी. मुलांच्या वर्दळीच्या वाटांवर विक्री नसावी. पेला नाकारणाऱ्या कामगाराला लेखी संरक्षण मिळावे आणि हे नियम ठरविताना त्याच्या संघटनेला बरोबरीचे स्थान असावे. यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. तरीही कंपनी ती सहजी मान्य करणार नाही, कारण प्रत्येक मागणीने एकेक पेला कमी विकला जाईल.

झिंग उतरल्यावर पिणाऱ्याला निदान पश्चात्ताप तरी होतो. नफ्याच्या झिंगेला उतार नसतो. तो संघटित समाजाने आणावा लागतो.