उन्हाळ्याआधी घरचा कम्प्यूटर एकदा उघडून बघा : नागपूरकरांना जाहीर आवाहन



होळी आटोपली की आम्हा कम्प्यूटर दुरुस्तीवाल्यांचे फोन वाजू लागतात. तक्रारी दोनच. ‘भाऊ, शट डाउन केलं तर नुसतं फिरतच राहते,’ ही एक आणि ‘दुपारी काम करता करता आपोआप बंद पडते,’ ही दुसरी. तिसरे वाक्य तक्रारीचे नसते, हुकमाचे असते : ‘फॉरमॅटच मारून द्या.’ हे आवाहन त्या तिसऱ्या वाक्याविरुद्ध आहे.

फॉरमॅट मारला की विंडोज नवी होते; दुखणे असते तिथेच राहते. धुळीने जाम झालेला पंखा त्याने मोकळा होत नाही, शेवटच्या घटका मोजणारी हार्ड डिस्क त्याने वाचत नाही, तुटलेली अर्थिंग जोडली जात नाही. जातात ते लग्नाचे फोटो, मुलीचा प्रोजेक्ट आणि इतवारीतल्या दुकानदाराचा टॅलीचा डेटा. सॉफ्टवेअर खरोखरच सडले असेल तेव्हा फॉरमॅटही करावा लागतो, नाही असे नाही. पण तो सगळे तपासून झाल्यावर.

आपल्याकडे व्हायरसचे नाव फार होते, उन्हाचे कोणी घेत नाही. 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. एरवीही नवतप्यात 44-45 चे आपल्याला काही विशेष वाटत नाही. कम्प्यूटरला वाटते. आतला पंखा काही गार हवा तयार करत नाही, खोलीतलीच हवा प्रोसेसरवर मारतो. खोली 25 वरून 40 अंशांवर गेली की आतले तापमानही जवळपास तेवढेच चढते. ते शंभरीच्या आसपास पोचले की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर मशीन काही न सांगता बंद होते. स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठीच ते तसे करते. सकाळी चालते, दुपारी दोन ते पाच पडते, रात्री पुन्हा ठीक, एवढे तुमच्या ध्यानात आले तर निम्मे निदान घरीच झाले.

म्हणून पहिली विनंती. गुढीपाडव्याच्या साफसफाईत कॅबिनेटही घ्या. प्लग काढा, कॅबिनेट अंगणात किंवा गच्चीवर न्या, बाजूचे झाकण उघडा आणि ब्लोअरने धूळ उडवा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ब्लोअरच्या वाऱ्याने तो गरगर फिरून खराब होतो. ओले फडके आत नेऊ नका. मशीन पाच-सहा वर्षांचे असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असणार. ती मात्र जाणत्याकडून बदलून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी बुजते.

कूलरचे काय, हे लोक हमखास विचारतात. कूलरच्या खोलीत कम्प्यूटर ठेवायला हरकत नाही, उलट चांगलेच. कूलरच्या झोतात ठेवू नका. ओल्या हवेत धूळ पंख्यांना चिकटून बसते आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर सर्किटवर चढतो. कूलर आणि कम्प्यूटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर तर नकोच नको. मोटर चालू-बंद होताना बसणारा झटका शेजारच्या सॉकेटला सोसावा लागतो.

आता लाइनचे. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे आपल्या उशाशी असली तरी उन्हाळ्यात लाइन जाते आणि व्होल्टेज कमी-जास्त होते, हे कोणाला सांगायला नको. यूपीएस असूनही मशीन बंद पडत असेल तर बहुधा त्याची बॅटरी मेलेली असते. ही बॅटरी साधारण 25 अंशांचा हिशोब धरून बनवतात आणि त्यापुढे दर दहा अंशांना तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. आपल्या उन्हात ती दोन वर्षे टिकली तरी पुष्कळ. घरच्या इन्व्हर्टरवर कम्प्यूटर असेल तर मागची कळ ‘यूपीएस’वर आहे का बघा. ती ‘नॉर्मल’वर असली की लाइन जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या क्षणात कम्प्यूटर बंद पडू शकतो, पंख्याला मात्र त्या खंडाचा पत्ताही लागत नाही.

अर्थिंगकडे तर कोणीच बघत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ती गमतीची गोष्ट नव्हे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग तीन पिनांच्या प्लगला काही अर्थ राहत नाही. खड्ड्यात पाणी घाला, वायरमनकडून जोडणी तपासून घ्या. फ्लॅट स्कीमच्या अध्यक्ष-सचिवांना वेगळी विनंती : लिफ्टच्या देखभालीबरोबर अर्थिंगचीही तपासणी दरवर्षी मार्चमध्ये करून घ्या.

हळू बंद होण्याचे दुखणे वेगळे दिसते, पण मशीन पडण्याशी त्याचे थेट नाते आहे. शट डाउन म्हटल्यावर विंडोज एकेका प्रोग्रामला आवरायला सांगते, मेमरीत राहिलेले डिस्कवर लिहिते, आलेले अपडेट बसवते. एखादा प्रोग्राम हटून बसला, प्रिंटरचे ड्रायव्हर अडले, दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात आले किंवा डिस्क कमजोर असल्यामुळे तेच ते पुन्हा लिहावे लागले, की चक्र फिरत राहते. आपण दोन मिनिटे थांबतो आणि बटण दाबून धरतो. अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते, पुढच्या वेळी विंडोज अडखळते आणि त्यानंतर बंद व्हायला आणखी वेळ लागतो. कितीतरी मशीन अशीच आपल्या बोटाने खराब झालेली असतात. पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ असे असेल तर तासभर लागला तरी चालेल, जेवून घ्या. असे काही नसेल आणि डिस्कचा दिवाही लुकलुकत नसेल, तर अर्ध्या तासाने बटण दाबायला हरकत नाही.

रोजचाच त्रास असेल तर हे करून बघा. बंद करण्याआधी सगळे प्रोग्राम स्वतः बंद करा आणि पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क काढून ठेवा. वेळ वाचला तर चोर त्यांच्यातच आहे. एकेक लावत जा, सापडेल. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन स्टार्टअपची यादी छाटा. कोणीतरी कधीतरी बंद होताना पेजफाइल पुसण्याची सेटिंग चालू करून ठेवलेली असते. ती तर रोज कित्येक गिगाबाइट पुसत बसते, ती काढून टाका. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. त्यामुळे कालची अडचण आजही येते. रीस्टार्टने मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा.

निळा पडदा आला तर घाबरू नका, मोबाइलवर फोटो काढा. नव्या विंडोज 11 वर तो काळा दिसतो. खालचा कोड आमच्यासाठी मोलाचा असतो. मेमरीचे नाव येत असेल तर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत बसवण्याने पुष्कळ मशीन सुधारतात. डिस्क टकटक करत असेल तर मात्र काही करू नका, आधी फाइली दुसरीकडे घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल पॉवर 41’ दिसले की काही जण थेट पॉवर सप्लाय बदलायला निघतात. 41 एवढेच सांगतो की मशीन नीट बंद झाले नव्हते; का, ते सांगत नाही. मे 2024 अखेर आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले होते आणि तो सेन्सरचा घोळ निघाला. कम्प्यूटरच्या आकड्यांकडेही तेवढ्याच संशयाने बघा.

कोड आणि आकडे बघण्याआधी स्वतःला विचारा की शेवटचे काय बदलले. नवा प्रिंटर, नवा गेम, काल रात्रीचा अपडेट? 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन पाडली आणि आपल्या देशात काही विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. ती रॅम खराब झाली म्हणून पडली नव्हती.

मशीन पडले असताना पडद्यावर फोन नंबर झळकला आणि ‘मायक्रोसॉफ्टला ताबडतोब फोन करा’ असे आले, तर तो चोरांचा सापळा समजा. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. घरातल्या आजी-आजोबांना हे आजच सांगा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नावनोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. म्हणून चालते मशीन भंगारात काढण्याची घाई नको. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर पुष्कळ मशीन हलकी होतात आणि बंद व्हायलाही वेळ लावत नाहीत.

अकरावीच्या प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज 2025 पासून राज्यभर एकाच प्रक्रियेतून जातात. ते भरायचे दिवस नेमके आपल्या मे-जूनच्या उकाड्यात येतात. दहावीतले मूल घरात असेल त्यांनी गुणपत्रिका, दाखले, फोटो यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक मोबाइलवर आताच ठेवावी. अर्ज शक्यतो सकाळी भरावा.

माझ्या व्यवसायबंधूंनाही हात जोडून सांगणे आहे. बिलावर ‘सर्व्हिसिंग’ एवढेच लिहू नका. काय बिघडले होते आणि काय केले, ते दोन ओळींत लिहा. ग्राहकाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका. काढलेली डिस्क, रॅम, पॉवर सप्लाय त्याच्या हातात द्या, मग ते भंगारात टाकायचे की नाही हे तो ठरवेल. ग्राहकांनीही मशीन आणताना एक चिठ्ठी आणावी : केव्हा पडते, त्या वेळी काय चालू होते, लाइन गेली होती का, पडद्यावर काय आले. अशी चिठ्ठी असली की आमचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसेही.

आपला,
बर्डीवरचा एक कम्प्यूटर दुरुस्तीवाला