आधी तारीख धरा, मग अंक शोधा

काळाराम मंदिर सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला. आपली पोरं तो 'बहिष्कृत भारत'च्या स्कॅन केलेल्या अंकांत शोधतात आणि सापडला नाही की शोध सोडून देतात. सापडणार कसा? ते पाक्षिक नोव्हेंबर 1929 मध्येच बंद पडलं होतं आणि 'जनता' निघालं 24 नोव्हेंबर 1930 ला. नाशिकमध्ये लढा उभा राहिला तेव्हा बाबासाहेबांच्या हातात स्वतःचं पत्र नव्हतं. आपल्या पत्रांना पैसा मिळत नव्हता, ही पोकळी त्याचीच खूण आहे.

म्हणून आधी तारीख धरा, मग पत्र. मार्च 1930 साठी शासनाने काढलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चा खंड 17, भाग 1 उघडा. 13 ऑक्टोबर 1935 ची येवल्याची घोषणा मात्र 'जनता'च्या काळातली. शोधताना शब्दही त्या काळचे टाका: 'दलित'सोबत 'अस्पृश्य', 'बहिष्कृत', 'दादासाहेब'सोबत 'भाऊराव गायकवाड'. जुना छाप यंत्राला वाचता येत नसेल, तर एकेक पान डोळ्यांनी चाळा.

उद्या कुणी "पुरावा दाखवा" म्हणेल. तेव्हा फॉरवर्ड पुढे करू नका. अंकाची तारीख आणि पान क्रमांक समोर ठेवा.

जय भीम!