हरताळ फासायला शिका!

आडवाटेने जाणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची आपल्याकडे जुनीच रीत आहे. म्हणून संगणकावरच्या 'शॉर्टकट'चे नुसते नाव काढले, तरी आमच्या आळीतले एक निवृत्त हेडमास्तर नाक मुरडतात. "आळशांची विद्या!" हा त्यांचा निकाल. कंट्रोलबरोबर सी आणि मग व्ही दाबले, की दुसऱ्याचा निबंध आपला होतो, यापलीकडे त्या बटणांचा उपयोग त्यांना ठाऊक नाही. बोरूच्या काळी वाङ्मयचौर्य होत नव्हते, असे मास्तरांना म्हणायचे आहे काय?

पण माझे भांडण मास्तरांशी थोडे आणि तुम्हा-आम्हा सर्वांशी अधिक आहे. आपण मुलांना लिहायला शिकवतो. लिहिलेले दुरुस्त करायला शिकवत नाही.

जालन्यातली गोष्ट सांगतो. अर्ज टंकून देणाऱ्या एका दुकानात मी माझ्या कामासाठी बसलो होतो. भोकरदन तालुक्यातून एक बाई आल्या होत्या. यजमान वारले, सातबाऱ्यावर वारस म्हणून आपले नाव लागावे, एवढेच मागणे. त्यांच्या आडनावात 'ऱ्ह' होता. टंकणाऱ्या मुलाने त्याचा 'र्ह' केला, म्हणजे बिचाऱ्या 'ह'च्या डोक्यावर रफार चढवला. बाईंनी बोट ठेवून चूक दाखवली, हे विशेष! आडनाव अर्जात चार ठिकाणी होते. मुलगा माउस सरकवीत ते शोधू लागला. एके ठिकाणी त्याने बॅकस्पेस दाबून धरला, तर निम्मी ओळच गडप झाली. ती पुन्हा टंकताना गट क्रमांकातला एक आकडा फिरला. तो पुन्हा नीट केला. या धांदलीत आडनाव तीन ठिकाणी सुधारले आणि चौथ्या ठिकाणी तसेच राहिले. आठवड्याने अर्ज परत आला: नावात तफावत.

मुलगा आळशी नव्हता. त्याची बोटे चांगली चालत होती आणि प्रमाणपत्र भिंतीवर लटकत होते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला सरकार मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द मागते. तेवढे त्याने हसत काढले असते. पण मिनिटाला ३० शब्दांनी धावणारा माणूस चुकला तर मागे कसा वळणार, याची घोकंपट्टी त्याच्याकडून कोणी करवून घेतली होती? घोडा फेकायला शिकवले, लगाम मात्र हाती दिलाच नाही.

वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबले, तर चुकीचा शब्द आणि बरोबर शब्द असे दोन चौकोन पुढे येतात. दोन्ही भरले की संगणक स्वतःच चारही जागी नेतो. मात्र 'सगळे बदला' म्हणून डोळे मिटायचे नाहीत. 'राम'चा 'रामराव' करायला गेलात तर अर्जातला 'आराम' हा 'आरामराव' होईल आणि श्रीरामपूरचे 'श्रीरामरावपूर'! एकेक जागा पाहून होकार द्यावा. कंट्रोल दाबून बाणाचे बटण दाबले की एकेक शब्द ओलांडता येतो. सोबत शिफ्ट धरले की तो शब्द निवडला जातो. ओळ गडप झालीच, तर कंट्रोल-झेड ती परत आणून देते. ती ओळ नव्याने टंकण्याचे, म्हणजे गट क्रमांक बिघडण्याचे, कारणच उरले नसते.

आपल्या लिपीची आणखी एक गंमत आहे. 'क्षि'च्या मागे उभे राहून बॅकस्पेस दाबला, तर आधी नुसती वेलांटी जाते. पुढे उभे राहून डिलीट दाबले, तर बहुतेक ठिकाणी सगळे अक्षर जाते. हा भेद ज्याला कळला, त्याला वेलांटीसाठी आख्खा शब्द पुसावा लागत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टबरोबर 'र' दाबला की 'ऱ' उमटतो. बाईंच्या आडनावाला एवढेच हवे होते! त्याच कळफलकावर एक्सच्या जागी अनुस्वार, सीच्या जागी 'म' आणि व्हीच्या जागी 'न' आहे. तेव्हा अनुस्वाराने कापा, 'म'ने नक्कल करा, 'न'ने चिकटवा. इंग्रजी येत नाही म्हणून अडून राहायला नको.

ही विद्या आळशांनी काढली, असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधनशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट हे दोघे 'जिप्सी' नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम रचत होते. तो पुस्तकाच्या संपादकांसाठी होता. कागद कात्रीने कापून खळीने चिकटवणारी माणसे कशी काम करतात, हे पाहून 'कापा आणि चिकटवा' संगणकात आले. टेस्लर २०२० साली वारले. त्यांची बटणे रोज दाबणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल?

आणि कॅलिफोर्निया कशाला? याच जिल्ह्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकाच टाकाचे वाटावे, पानाभोवती जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागू नये. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्याला समास सोडण्याची ही चिंता क्षुद्र वाटली नाही! पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासत आणि वर नवे अक्षर काढीत. पुढे आपण 'हरताळ फासणे' याचा अर्थच बिघडवला. चूक पुसण्याच्या कृतीला विध्वंसाचे नाव देणारा समाज दुरुस्तीला काय मान देणार?

या दिवाळीत अनेक घरी मुलांसाठी लॅपटॉप येईल. त्याला हळदकुंकू लावून झाले, की मुलाला काय काय येते ते पाहुण्यांना दाखवू नका. त्याच्याकडून आजोबांच्या नावाचा एक अर्ज टंकून घ्या, त्यात मुद्दाम एक चूक करवा आणि ती किती बटणांत दुरुस्त होते ते मोजा. क्लासच्या फीची पावती नंतर पाहू.

त्या बाईंचा अर्ज तिसऱ्या खेपेला दाखल झाला. तीन वेळचे एसटीचे भाडे, एका प्रतिज्ञापत्राचा खर्च आणि ऐन कापूस वेचणीच्या दिवसांतली तीन दिवसांची मजुरी बुडाली. चौथ्या ठिकाणचा रफार मात्र या वेळी दुकानदाराने शाईच्या पेनने खोडला आणि शेजारी बारीक सही केली.