रोग्याची रात्र

महाभारताच्या उद्योगपर्वात प्रजागर नावाचे उपपर्व आहे. संजय पांडवांकडून परतला आहे, त्याने आणलेला निरोप दुसऱ्या दिवशी सभेत कळायचा आहे, आणि धृतराष्ट्राच्या डोळ्याला डोळा लागत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. झोप कोणाची उडते ते विदुर आधी सांगतो: बलवानाशी गाठ पडलेल्या दुर्बळाची, सर्वस्व हरपलेल्याची, कामातुराची, चोराची. मग तो विचारतो, यांतले काही आपल्याला बाधले तर नाही? विदुरनीतीचे आठ अध्याय या एका चौकशीपासून सुरू होतात. मात्र त्या यादीत एक माणूस नाही. ज्याने काही चोरले नाही, ज्याच्यावर कोणी चालून आलेले नाही, पण संधिवाताने, दम्याने, मधुमेहाने किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने ज्याची रात्र तुकड्यातुकड्यांची करून टाकली आहे, तो दीर्घ रोगी.

त्याची दखल वैद्यकाने घेतली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निद्रेला आहार व ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने शरीराचा उपस्तंभ मानले आहे. व्याधीच्या मागोमाग येणारी निद्रा तिच्या प्रकारांत वेगळी काढली आहे. आणि झोप न येण्याच्या कारणांत कार्य, काळ, प्रकृती व वायू यांच्या जोडीला विकार, म्हणजे रोग, स्पष्ट सांगितला आहे. उपाय म्हणून अभ्यंग, उटणे, स्नान, दूध, तूप, दहीभात, मनाला रुचणारा गंध आणि शब्द, सुखाची शय्या येतात. दुधात उगाळलेले जायफळ आणि काशाच्या वाटीने तळपायांना चोळलेले तूप ही आपल्या घरांतली त्याच वळणाची रूपे. या उपायांना मी हलके लेखत नाही. शरीराला सावकाश रात्रीकडे नेणारी ही तयारी आजच्या निद्राचिकित्सेलाही परकी वाटणार नाही. पण ज्याचा सांधा पहाटे तीनला ठणकू लागतो त्याला जायफळ पुरत नाही, आणि जिथे ते पुरले नाही तिथे अफू आली.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये अफूचा मद्यार्क रूढ करणारे थॉमस सिडनहॅम स्वतः गाउटचे जुने रोगी होते. त्या दुखण्याचे त्यांनी केलेले वर्णन आजही प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्यूर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फीन वेगळे काढले आणि स्वप्नांच्या ग्रीक देवतेवरून त्याला नाव दिले. १८५३ च्या सुमारास एडिनबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी ते सुईने टोचायला सुरुवात केली, तेव्हा औषध पोटातून जात नाही म्हणून त्याची चटकही लागणार नाही, असा समज पसरला. त्याच शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात होती, आणि त्याच मुंबईत गिरणीत पाळीवर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी चाटवून निजवत होत्या. मूल शांत झोपे. ते भुकेले होते की आजारी, हे मात्र त्या झोपेत लपून जाई. झोपेच्या औषधाने जागेपणाचे कारण झाकून टाकावे, याचे याहून करुण उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढचा शंभर वर्षांचा इतिहास एकाच वाक्याच्या पुनरुक्तीसारखा वाचता येतो. १८५७ मध्ये ब्रोमाइड वैद्यकात आले. १८६९ मध्ये लीब्राइख यांनी क्लोरलचा झोप आणणारा गुण दाखवला आणि अफूहून सुरक्षित म्हणून ते घरोघर गेले. निद्रानाशाने पिडलेले कवी-चित्रकार रोझेटी त्याच्याच आहारी गेले. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि फॉन मेरिंग यांचे व्हेरोनाल क्लोरलहून बरे म्हणून आले, आणि १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोच्या मृत्यूने त्याच बार्बिट्युरेट कुळाची दुसरी बाजू जगाला दिसली. त्याच्या पाच वर्षे आधी, १९५७ मध्ये, पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड विक्रीला आले होते. जास्त घेतले तरी जीव जात नाही ही त्या झोपेच्या गोळीची मोठी ख्याती होती आणि ती विनाचिठ्ठी मिळत असे. १९६१ च्या अखेरीस ती मागे घेतली जाईपर्यंत ती घेतलेल्या गर्भवतींची जगभरात सुमारे दहा हजार बालके व्यंग घेऊन जन्मली. आधीच्या औषधाचा जो दोष सर्वांना पाठ झालेला असतो, तो नव्या औषधात नसतो, आणि म्हणून ते निर्दोष समजले जाते.

वनस्पतीला हा नियम लागू नाही, असे मानणाऱ्यांनी सर्पगंधेची कथा आठवावी. उन्माद आणि निद्रानाश यांवर हे मूळ आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या वापरात होते. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील त्याच्या परिणामाचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि सर्पगंधा जगाच्या नकाशावर आली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले, आणि काही वर्षांतच ते घेणाऱ्या काही रोग्यांना गाढ खिन्नता ग्रासते, असे वृत्तांत येऊ लागले.

मग बेन्झोडायझेपीन आले: १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम. बार्बिट्युरेटसारखी ती सहज प्राणघातक नव्हती, हे खरेच होते. पण ती सुटत नाहीत हे उमगायला दोन दशके लागली, आणि १९८२ पासून न्यूकॅसलला हेदर ॲश्टन यांना ती सोडवण्यासाठी वेगळा दवाखाना बारा वर्षे चालवावा लागला. १९९२ मध्ये झोल्पिडेमला अमेरिकेत मान्यता मिळाली. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते म्हणून त्यांची मात्रा निम्मी करा, हा आदेश निघाला २०१३ मध्ये. झोपेतच चालणे, गाडी हाकणे अशा घटनांमुळे सर्वांत कडक इशारा छापला गेला २०१९ मध्ये. हा उशीर योगायोगाचा नाही. झोपेचे औषध काही आठवड्यांच्या चाचणीवर, बहुधा अन्यथा निरोगी माणसांत पारखले जाते, आणि ते वर्षानुवर्षे घेतो तो यकृत थकलेला, मूत्रपिंड मंदावलेला, आधीच पाच-सात गोळ्या खाणारा माणूस. फुप्फुसाच्या जुन्या विकारात तीच गोळी श्वास आणखी उथळ करू शकते. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना पाडू शकते. ज्याला औषधाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याविषयीच सर्वांत कमी माहिती, ही विसंगती क्लोरलच्या काळी होती आणि आजही आहे.

याच्या उलट बाजूचा अपराधही इतिहासात नोंदलेला आहे. १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा आपल्याकडे व्यसन रोखण्यासाठी आला, पण परवान्यांच्या जंजाळात कर्करोग्याला मॉर्फीन मिळणे दुरापास्त झाले. १९८६ मध्ये मुंबईत शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस उभे राहिले. कायद्यातली ती गाठ सैल करायला मात्र २०१४ उजाडले. मधल्या एकोणतीस वर्षांत वेदनेने किती घरे रात्रभर जागी राहिली, याची गणती कोणी ठेवली नाही. आधी सैल हात, मग कडक बंदी. भुर्दंड दोन्ही वेळा रोग्यालाच पडला.

आज विदुराची चौकशी वैद्यकाला पुन्हा करता येते, तीही पूर्वी कधी नव्हती इतक्या नेमकेपणाने. रात्री पाय वळवळून झोपू न देणारा विकार थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये टिपला होता. तो विस्मरणात गेला आणि १९४५ मध्ये स्वीडनच्या एकबोम यांना नव्याने मांडावा लागला. डायलिसिसवरच्या रोग्यांत तो फार आढळतो, शरीरातल्या लोहाच्या कमतरतेशी त्याचा संबंध आहे, आणि त्याची दखल न घेता दिलेली झोपेची गोळी मूळ जागी पोचतच नाही. झोपेत श्वास अडकण्याचा विकार १९६५ मध्ये ओळखला गेला, आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी त्यावर हवेच्या दाबाचे यंत्र दिले. कित्येकदा कारण याहून साधे असते: संध्याकाळी घेतलेले स्टिरॉइड, उशिरा घेतलेली लघवीची गोळी, मध्यरात्री ओसरणारे वेदनाशामक. औषध तेच ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने नुसती वेळ हलवली तरी काहींची रात्र परत येते.

अर्थात मूळ रोग बरा करा, झोप आपोआप येईल, हेही एक जुने दुर्लक्षच. जो रोग बरा होणारच नाही, त्याच्या रोग्याने मग कशाची वाट पाहायची? २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने निद्रानाशाला रोगाची शेपटी न मानता त्याच्या शेजारी उभा असलेला स्वतंत्र विकार मानले, आणि २०१६ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने त्यावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर विचार आणि सवयी बदलणारी चिकित्सा सुचवली. उठण्याची ठरलेली वेळ, झोप येईल तेव्हाच अंथरुणाला पाठ टेकणे, जागेपणी अंथरूण सोडणे ही तिची अंगे; दीर्घ वेदनेत आणि कर्करोगातही ती उपयोगी ठरली आहे. गुडघे धरलेल्या माणसाला मध्यरात्री उठून बस म्हणणे क्रूर ठरेल, म्हणून ती रोग्यागणिक बेतावी लागते, आणि असे बेतून देणारे प्रशिक्षित हात आपल्या जिल्ह्याच्या गावांत फारच थोडे आहेत. काहींना गोळी लागतेच. तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

१ मार्च २०१४ पासून आपल्या देशात अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे एच-१ अनुसूचीत आहेत. ती विकताना औषध दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहायचे, आणि ती वही तीन वर्षे जपायची. रोगी का जागा आहे, यासाठी त्या वहीत रकाना नाही. तो रकाना रोग्याने आणि त्याच्या घरच्यांनीच भरायचा आहे. चालू असलेली गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने झटकेही येऊ शकतात. मात्र आठवडाभर रोज लिहा: किती वाजता जाग आली, आणि डोळे उघडताच पहिल्यांदा काय जाणवले, वेदना, धाप, लघवीची घाई, पायांतली वळवळ, की काळजी. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्या.