वन्संचा झेंडू

या पानावर मी दरवर्षी काहीतरी लावायला सांगते आणि वाचक भगिनी ते लावतातही. लावल्यावर पुढे काय होते ते मात्र माझ्यापर्यंत सहसा येत नाही. गेल्या दिवाळीत ते आले, आणि तेही चारचौघांत!

माझ्या थोरल्या नणंदबाई बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या उमापूरला असतात. भाऊबीजेला आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. ओवाळणे झाले आणि वन्संनी माझ्यापुढे एक सूप आणून ठेवले. सुपात टोमॅटो, आणि जवळजवळ प्रत्येकाला एक गोल भोक.

"तूच लिहिलं होतंस ना, टोमॅटोशेजारी झेंडू लावा म्हणून? बघ, झेंडू नवरदेवासारखा उभा आहे अन् ही मंडळी आत बसून जेवायलीत!"

त्यांचे यजमान म्हणाले, "कपाशीचं औषध आहे घरात. एक फवारा मारला की झालं." वन्संनी मानच हलवली. त्यांची सहा वर्षांची नात झाडाचा टोमॅटो तोडते तो फ्रॉकला पुसून तसाच तोंडात टाकते. शिवाय २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली, ते त्या विसरलेल्या नाहीत. शेतातले औषध परसात आणायचे नाही, हा त्यांचा नेम. आता औषध नाही आणि झेंडूही कामाचा नाही, तर टोमॅटो लावायचेच कशाला? प्रश्न रोखठोक होता, आणि उत्तर मलाच देणे भाग होते.

चहा तसाच ठेवून मी परसात गेले. ती हिरवट अळी पाहिली आणि ओळख पटली. हरभऱ्यावर हिलाच घाटेअळी म्हणतात, तुरीच्या शेंगा पोखरते ती हीच, आणि कपाशीवरची हिरवी बोंडअळीही हीच. २००२ साली बीटी कपाशी आल्यापासून तिथे हिचे फारसे चालत नाही, पण तूर आणि हरभरा आहेतच की! उमापूरच्या परसाला चहूकडून शेते. पुण्यातल्या गच्चीवर बसून मी लिहिले, तेव्हा हा शेजार माझ्या ध्यानातच आला नव्हता.

माझी दुसरी चूक याहून मोठी. झेंडू किडीला हाकलतो, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ होत होता. तो हाकलत नाही; उलट बोलावतो! या अळीच्या पतंगाला अंडी घालायला झेंडूच्या कळ्या-फुले फार आवडतात. ती समोर असली तर टोमॅटोवरचा बराच भार तिकडे जातो. बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने हे शेतात करून पाहिले आणि टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच, आफ्रिकन जातीच्या झेंडूची १ ओळ असे प्रमाण सांगितले. त्यातली खरी मेख रोपांच्या वयात आहे. झेंडूचे रोप ४५ दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे असताना दोन्ही एकदम लावायची, म्हणजे दोघांना फूल एकाच वेळी येते.

वन्संनी दोन्ही बिया एकाच दिवशी टाकल्या होत्या. टोमॅटो फुलला तेव्हा झेंडू नुसता पाला. आणि पुढे झेंडू बहरला तो नेमका दसऱ्याला! सगळी फुले तोरणात गेली. पतंगाने दुसरे करावे तरी काय?

बरे, अंडी झेंडूवर घातली म्हणजे आपण सुटलो असेही नाही. तिथल्या अळ्या रोज सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकायला हव्यात, नाहीतर आपणच त्यांचे पाळणाघर चालवल्यासारखे होते. हे मी लिहिलेच नव्हते.

(झेंडूने मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात, हे मात्र खरे आहे. पण त्यासाठी आधी दोनतीन महिने सबंध वाफाभर दाट झेंडूच घ्यावा लागतो. कोपऱ्यातल्या एका रोपाने ते साधत नाही.)

परसात १६ ओळी कोणाच्या असणार? यंदा वन्संनी टोमॅटोच्या दोन वाफ्यांना दोन्ही टोकांना तीन तीन झेंडू लावले. झेंडूचे बी जूनच्या आरंभी टाकले, टोमॅटोचे त्यानंतर वीस दिवसांनी. तोरणाचा झेंडू निराळा, हौदाजवळ. वाफ्यातल्या फुलाला देवासाठीसुद्धा हात लावायचा नाही, असा हुकूम आहे.

अळ्या वेचण्याचे काम नातीकडे. एका अळीमागे शेंगदाण्याचा एक लाडू, असा करार ठरला. परवा वन्संचा फोन आला. टोमॅटोला अजून भोके पडतात, पण सुपात चांगली फळे जास्त दिसतात म्हणाल्या. मी खूश झाले, तर लगेच पुढे म्हणाल्या, "सत्तावीस लाडू देणं झालंय माझ्या डोक्यावर. सल्ला तुझा होता, तेव्हा भाऊबीजेला येताना डबा घेऊनच ये!"