पाषाणावरील बिऱ्हाड

इंदुरास खान नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या आहेत. अशा जुन्या दगडी कामावर राखी वा पांढुरके ठिपके दिसले, की पुष्कळजण त्यांस चुन्याचे डाग समजतात. वाचकहो, पुष्कळदा ते डाग नसून पाषाणास खपलीप्रमाणे चिकटलेले शैवाक असते. गृहिणी मसाल्यात घालतात ते दगडफूल ह्याचेच पानासारखे भावंड.

ह्या एका देहात दोघांचे बिऱ्हाड असते. बुरशी घर बांधून ओलावा धरते आणि शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न सिद्ध करते. स्विस शास्त्रज्ञ श्वेन्डेनर ह्यांनी १८६७ साली हे सांगितले, तेव्हा मोठमोठ्या जाणत्यांनी त्यांची थट्टाच केली!

ही खपली वर्षाकाठी जेमतेम मिलिमीटरभर, कित्येकदा त्याहूनही कमी पसरते. रुपयाएवढा ठिपका आपल्या वडिलांच्या वयाचा असू शकतो. तिचे तंतू दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात व त्यास फार सावकाश झिजवितात. घाई करतो तो माणूस. तारेच्या ब्रशाने घासले, तर ठिपक्याबरोबर कोरीव कामाचा पापुद्राही निघतो. दफनभूमीतील जुन्या क्रुसांवरील नावे अशीच पुसली जातात. तेथे साधे पाणी व मऊ कुंचा एवढेच वापरावे, असे आम्ही सुचवितो.