विश्लेषण : सीईटीसाठी प्रश्न किती सोडवावेत, यापेक्षा ते कसे सोडवावेत हे महत्त्वाचे का?

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवरील क्लासपासून सुरगाणा, पेठमधील वसतिगृहांपर्यंत बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा दिवस प्रश्नसंचांभोवती फिरतो. अभियांत्रिकीची राज्यस्तरीय गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरते. बारावीचे गुण त्यात मिळवले जात नाहीत, ते फक्त पात्रतेपुरते लागतात. त्यामुळे सगळा भर सरावावर असतो. मात्र प्रश्नांची संख्या वाढली तरी अनेकांचे गुण एका जागी अडकतात. त्याचे कारण बहुतेक वेळा परीक्षेच्या रचनेत सापडते.

परीक्षेची रचना कशी आहे?

पीसीएम गटात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताचे प्रत्येकी ५० असे १५० प्रश्न असतात. भौतिक आणि रसायनशास्त्राचा प्रश्न एका गुणाचा, तर गणिताचा दोन गुणांचा. म्हणजे एकूण २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीच्या, तर २० टक्के अकरावीच्या निवडक प्रकरणांवर असतात. काठिण्यपातळी जेईई मेनच्या तोडीची असते, पण पाया राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांचाच. त्यामुळे पुस्तकातील उदाहरणे बाजूला ठेवून थेट जाड प्रश्नसंचाकडे वळणाऱ्याचा पायाच कच्चा राहतो.

वेळेचे गणित काय सांगते?

पहिल्या ९० मिनिटांत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न सोडवायचे असतात. एका प्रश्नाला मिळतात जेमतेम ५४ सेकंद. त्यानंतर गणिताचा भाग खुला होतो. तिथे ५० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रत्येकी १०८ सेकंद. पहिल्या भागात वाचवलेला वेळ गणिताला देता येत नाही. म्हणूनच घरी तिन्ही विषय एकत्र, सलग तीन तास सोडवण्याचा सराव परीक्षेशी जुळत नाही. घड्याळ लावून ९० मिनिटांचे दोन वेगळे भाग सोडवणे अधिक उपयोगाचे ठरते.

वेळेचा प्रश्न पद्धतीशीही जोडलेला आहे. बारावीच्या लेखी परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, सीईटीत फक्त उत्तराला. समजा, एक्सचा घन गुणिले कॉस एक्स याचे उणे १ ते १ या मर्यादांमध्ये निश्चित संकलन विचारले आहे. भागशः संकलन करत बसले तर अर्धे पान भरते. हे ऑड फंक्शन आहे आणि मर्यादा शून्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर आहेत, हे ओळखले तर उत्तर शून्य येते, तेही काही सेकंदांत. हा गुणधर्म बारावीच्या पुस्तकातच आहे. भौतिकशास्त्रातही एककांची पडताळणी करून चारपैकी एक-दोन पर्याय बाद करता येतात. प्रश्न बरोबर आला तरी तो १०८ सेकंदांत आला का, हे तपासल्याशिवाय सराव पूर्ण होत नाही.

उत्तर येत नसेल तर प्रश्न सोडावा का?

जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण कापला जातो. तिथे प्रश्न सोडून देणे अनेकदा शहाणपणाचे असते. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. गणिताच्या दहा प्रश्नांत अंदाजाने पर्याय निवडले तरी सरासरीने ५ गुण मिळू शकतात. प्रत्येक प्रश्नातील दोन पर्याय विचारपूर्वक बाद करता आले, तर ही सरासरी १० गुणांवर जाते. दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र करणाऱ्यांना मात्र प्रश्न कोरा सोडण्याची सवय लागते. शेवटची दोन मिनिटे राखून एकही प्रश्न कोरा न ठेवण्याचाही सराव करावा लागतो.

सराव चाचणीतील गुणांवरून पर्सेंटाइल कळते का?

नेमके कळत नाही. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. त्या सत्रात विद्यार्थ्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे त्याचा पर्सेंटाइल. त्यामुळे अवघड सत्रातील १२० गुण सोप्या सत्रातील १३० गुणांच्या पुढे जाऊ शकतात. २०२५ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा सुमारे सव्वाचार लाख विद्यार्थ्यांनी दिली. म्हणजे एक पर्सेंटाइल मागे पडणे म्हणजे राज्यात चार हजारांहून अधिक विद्यार्थी पुढे जाणे. पर्सेंटाइल समान असेल तर आधी गणितातील कामगिरी पाहिली जाते.

उत्तरसूचीवर डोळे झाकून विसंबता येते का?

२७ एप्रिल २०२५ च्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका आढळल्या. त्या सत्रातील २७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसाठी ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. अधिकृत परीक्षेत असे घडू शकते, तर मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफ संचांत चुका असणारच. आपले उत्तर आणि सूची जुळत नसेल तर आधी पाठ्यपुस्तक उघडावे, मग शिक्षकांना विचारावे. प्रत्यक्ष परीक्षेनंतर सीईटी कक्ष उत्तरतालिका जाहीर करतो आणि त्यावर शुल्क भरून आक्षेप घेता येतो. २०२५ मध्ये हे शुल्क प्रत्येक आक्षेपामागे एक हजार रुपये होते.

क्लास परवडत नसेल तर?

नाशिक जिल्हा परिषदेने २०२२ मध्ये ‘सुपर ५०’ उपक्रम सुरू केला. त्यात ग्रामीण आणि आदिवासी भागातील निवडक विद्यार्थ्यांना दहावीनंतर मोफत निवासी मार्गदर्शन दिले जाते. ‘महाज्योती’मार्फत इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण मिळते, या योजनेत टॅब आणि इंटरनेट डेटाही दिला जातो. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. तरीही जागा मर्यादित आहेत आणि अर्जाची मुदत दहावीच्या निकालानंतर लवकर संपते. त्यामुळे ही माहिती बारावीत नव्हे, दहावीतच घरापर्यंत पोहोचायला हवी.

सरावाची दुसरी बाजू कोणती?

बारावीचे गुण यादीत धरले जात नसल्याने कनिष्ठ महाविद्यालयांतील उपस्थिती घटली. क्लासशी संधान बांधलेल्या महाविद्यालयांचे प्रकार वाढल्यावर सरकारने २०१८ मध्ये नाशिकसह काही विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. वर्ग आणि प्रयोगशाळा टाळून केलेला सराव सूत्रे पाठ करून देतो, पण थोडा वळवून विचारलेला प्रश्न आला की अडतो.

मग नेमके काय करावे?

प्रत्येक चाचणीनंतर चुकांची वही ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चूक संकल्पनेची, आकडेमोडीची की प्रश्न नीट न वाचल्याची, एवढे समोर लिहिले तरी पंधरा दिवसांत कल दिसतो. संकल्पनेची चूक असेल तर पुस्तकाकडे परतावे. आकडेमोडीची असेल तर त्याच प्रकरणाचे दहा प्रश्न वेळ लावून सोडवावेत. चुकलेला प्रश्न आठवड्याने उत्तर न पाहता पुन्हा सोडवावा. २०२६ पासून सीईटी दोनदा देण्याची संधी देण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला आहे. दोन परीक्षांमधील थोड्या दिवसांत संपूर्ण अभ्यासक्रम नव्याने होणार नाही. त्या काळात ही वहीच कामाला येईल.